चार माउस बदलले, तरी हात दुखतोच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रोज सात-आठ तास टेबलाशी काम, त्यातला बराचसा वेळ उजवा हात माउसवर. आधी चपटा, छोटा वायरलेस माउस होता, त्याने बोटं आखडायची. मग भरपूर बटणांचा मोठा, जड माउस घेतला, तर संध्याकाळपर्यंत कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागायला लागला. सगळ्यांनी सांगितलं म्हणून व्हर्टिकल, म्हणजे हात उभा ठेवून धरायचा माउस आणला, आता अंगठ्याचं बूड दुखतं. चौथा ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवर ठेवून वरचा चेंडू अंगठ्याने फिरवायचा, तो आठवडाभरात कपाटात गेला. आता पाचवा कोणता घ्यावा?

लोक कामाच्या जागी कसे बसतात, हात कुठे ठेवतात हे बघून दुरुस्त्या सुचवणं हेच माझं काम आहे. म्हणून आधी सांगतो: पाचवा आत्ता घेऊ नका. तुम्ही या सगळ्याला ‘हात दुखतो’ या एकाच नावाखाली टाकलंय, पण चार माउसनी तुम्हाला तीन वेगळ्या ठिकाणी दुखवलंय. बोटं, कोपर, अंगठा. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि त्यातलं एक तर माउस बदलून जाणारच नाही. जाहिराती आकाराच्या होतात, कारण फोटोत आकारच दिसतो. माउसचं वजन, तो टेबलावर कुठे ठेवलाय आणि किती वेगाने चालतोय हे फोटोत येत नाही, आणि दुखणं बहुतेक वेळा तिथूनच येतं.

बोटांपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला पंजा जिथे सुरू होतो तिथली आडवी घडी आणि मधल्या बोटाचं टोक, यांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. ते १७ सेंमीच्या आत असेल तर हात छोटा, १९ च्या पुढे असेल तर मोठा असं साधारण धरा. आता माउस हातात कसा धरता ते बघा. पूर्ण पंजा टेकवून धरणाऱ्याला लांब आणि उंच पाठीचा माउस लागतो. बोटं वाकवून नखांच्या बाजूने क्लिक करणाऱ्याला मधला चालतो. फक्त बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला छोटा आणि हलका हवा. बहुतेक लोक दिवसभरात या तिन्ही पद्धतींत फिरत असतात, त्यामुळे ‘माझी पकड अमुकच’ असं फार घट्ट धरून बसू नका. पण पंजा टेकवायची सवय असलेल्या माणसाच्या हातात चपटा माउस आला की तळव्याखाली पोकळी राहते. मग आधार शोधायला बोटं माउसला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात, आणि असं दिवसभर आवळणं म्हणजेच तुमचं आखडणं. ॲपलचा मॅजिक माउस जेमतेम २.१६ सेंमी उंच आहे, लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३एसची पाठ ५.१ सेंमी. दोन्हींना आपण ‘माउस’च म्हणतो, पण पंजाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चपलेला नंबर असतो, माउसला नसतो, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं. बहुतेक मॉडेल एकाच मापात निघतात आणि खोक्यावर ‘अर्गोनॉमिक’ (शरीराला सोयीचा) छापलेलं असतं, जो शब्द कुणीही छापू शकतं. बघायला सुबक आणि हाताला नकोसा, हा प्रकार तसा जुनाच. ॲपलने १९९८ साली आयमॅकबरोबर दिलेला गोल माउस आठवत असेल. हात न बघता त्यावर ठेवला की त्याचं तोंड कुठे आहे तेच कळायचं नाही, वर वळवायला गेलं की पॉइंटर तिरका पळायचा. दोन वर्षांत तो बदलावा लागला.

आता कोपर. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमचा खरा घोटाळा मला इथे दिसतो.

मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात. म्हणून बोटाने केलेल्या चुकीची शिक्षा कोपराला होते. एक साधी गोष्ट करून बघा. हात माउसवर ठेवा, काहीही क्लिक न करता स्क्रीनवरचा मजकूर वाचत राहा, आणि थोड्या वेळाने हाताकडे बघा. तर्जनी बटणावर टेकलेली आहे की केसभर वर तरंगतेय? बऱ्याच जणांची तरंगते, चुकून क्लिक होऊ नये म्हणून. हाताच्या पाठीवर त्या बोटाची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) ताणलेली उठून दिसते. आपल्याला वाटतं हात विश्रांती घेतोय, पण तो स्नायू तासन् तास चालू असतो. बटण फार हलकं असेल तर हे जास्त होतं. अशांना मी मुद्दाम जरा कडक बटणाचा माउस देतो, म्हणजे बोट निर्धास्त टेकवता येतं. मऊ क्लिक म्हणजे आरामदायी क्लिक हा समज सगळ्यांना लागू पडत नाही.

दुसरं कारण वजन. माउस सरकवताना वजन फारसं जाणवत नाही, पण पॅडची कड आली की आपण तो उचलून मागे ठेवतो आणि पुन्हा सरकवतो. ते उचलणं मनगट वर करून होतं, म्हणजे पुन्हा तोच स्नायू. एमएक्स मास्टर ३एस १४१ ग्रॅमचा आहे, गेमिंगसाठी बनवलेले हलके माउस ६०-६५ ग्रॅममध्ये मिळतात. कार्यालयीन कामाला गेमिंगचा माउस सुचवला की लोक हसतात, पण दिवे बंद केले की तो एक साधा, हलका, नीट सरकणारा माउस असतो. सेलवर चालणारा माउस असेल तर अल्कलाइन एए सेल सुमारे २३ ग्रॅमचा आणि लिथियमचा १५ च्या आसपास भरतो, हेही लक्षात ठेवा. दोन सेलांचे काही माउस एकाच सेलवरही चालतात.

पण उचलावा लागतोच का? कारण पॉइंटरचा वेग कमी ठेवलेला असतो. माउस ८०० डीपीआयचा असेल (म्हणजे एक इंच सरकवला की पॉइंटर ८०० पिक्सेल जातो), सिस्टिममधला वेग मधोमध आणि प्रवेग बंद असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीचा स्क्रीन पार करायला हात साधारण ६ सेंमी हलवावा लागतो. तसेच दोन स्क्रीन शेजारी ठेवले की तेच अंतर १२ सेंमी होतं. मनगट टेबलावर टेकवून १२ सेंमी जाता येत नाही, म्हणून उचल-ठेव सुरू होते किंवा मनगट करंगळीकडे पार वळतं. लोक दुसरा स्क्रीन घेतात आणि माउसच्या सेटिंगला हातही लावत नाहीत. डीपीआय १६०० करा. पहिले दोन दिवस पॉइंटर हातातून निसटल्यासारखा वाटेल, मग सवय होते. विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाचा पर्याय असतो. नावात अचूकता असली तरी तो खरं तर प्रवेग आहे: हात जोरात हलवला की पॉइंटर जास्त पळतो. काहींना तो मानवतो, कारण हात कमी हलवावा लागतो. अचूक जागी थांबताना चाचपडायला होत असेल तर बंद करून बघा.

तिसरं कारण म्हणजे जागा. हेच मी वर म्हटलं ते, माउस बदलून न जाणारं. हिशेबाचं काम करणाऱ्या एका बाईंचं टेबल बघायला गेलो होतो. तीन प्रकारचे माउस ओळीने मांडून ठेवलेले, चौथ्याचं नाव चिठ्ठीवर लिहून तयार. मी माउसकडे न बघता त्यांना फक्त टाइप करायला सांगितलं. कीबोर्ड मोठा, उजवीकडे आकड्यांचा पट्टा. दोन्ही हात अक्षरांवर असताना त्यांचं शरीर कीबोर्डच्या डाव्या भागासमोर होतं, त्यामुळे सगळा उजवा भाग बाहेर गेलेला आणि त्याच्याही पलीकडे माउस. माउस धरला की कोपर बरगडीपासून सुटायचं, खांदा किंचित वर जायचा, आणि मनगट करंगळीच्या बाजूला मोडायचं. शिवाय खुर्चीचा हात टेबलाला अडत असल्यामुळे खुर्ची मागे, म्हणून हात आणखी लांब. पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंमी रुंद असतो, आकड्यांच्या पट्ट्याशिवायचा ३६ च्या आसपास. म्हणजे नुसता कीबोर्ड बदलला तरी माउस आठ सेंमी जवळ येतो. त्यांना आकडे सतत लागायचे, म्हणून सुटा नंबरपॅड डावीकडे ठेवला आणि खुर्चीचे हात खाली केले. चिठ्ठीवरचा माउस घ्यायची वेळ आली नाही. त्यांच्या जुन्या तीनपैकी सगळ्यात साधा होता तोच पुढे चालला.

कीबोर्ड बदलायचा नसेल तर माउस डाव्या हाताला द्या. अक्षरांच्या डावीकडे जवळजवळ काहीच नसतं, तिथे माउस आपोआप शरीराजवळ येतो. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस हवा, आणि बटणं उलटी करायची की तशीच ठेवायची हे आधीच ठरवा. माझ्या मते तशीच ठेवावीत, म्हणजे हात बदलताना प्रत्येक वेळी सेटिंगमध्ये जावं लागत नाही. दोन-तीन आठवडे चिडचिड होईल. बारीक काम उजव्याने, वाचणं-स्क्रोल करणं डाव्याने अशी वाटणी पुष्कळांना जमते. डग्लस एंगलबार्टच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास लाकडी खोक्याचा पहिला माउस तयार झाला. १९६८ साली त्यांनी तो सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर चालवून दाखवला, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा कळफलक होता. म्हणजे कामाची वाटणी दोन्ही हातांत होती. पुढे माउस घरोघरी गेला, डाव्या हाताचा भाग मागे राहिला. डावखुऱ्यांचे हाल तर विचारूच नका. आकार दिलेला चांगला माउस बहुतेक वेळा उजव्याच हाताचा निघतो.

आता व्हर्टिकलकडे येऊ. हात टेबलावर पालथा ठेवला की पुढच्या हातातली (कोपर ते मनगट) दोन हाडं एकमेकांवर पीळ घेतात. हस्तांदोलनाच्या स्थितीत तो पीळ बराच सुटतो. व्हर्टिकल माउस एवढंच करतो, आणि ज्यांना पुढच्या हातात ताण जाणवतो त्यांना त्याने खरंच बरं वाटतं. पण त्याच्या दोन अडचणी कुणी आधी सांगत नाही. साध्या माउसचं बटण खाली दाबलं जातं आणि खालून टेबल त्याला पेलतं. व्हर्टिकलचं बटण आडवं दाबलं जातं, तिथे टेबल मदतीला येत नाही, तुमचा अंगठा येतो. प्रत्येक क्लिकला अंगठा दुसऱ्या बाजूने माउस थोपवून धरतो.  दुसरी अडचण मापाची. माउस हातापेक्षा मोठा असेल तर अंगठा ताणून बसतो आणि थोपवायचं काम ताणलेल्या स्थितीतच करतो. लॉजिटेकने निदान इथे दोन मापं काढली आहेत. दोन्हींचा कोन ५७ अंश, पण ‘लिफ्ट’ १९ सेंमीपर्यंतच्या हातासाठी आणि ‘एमएक्स व्हर्टिकल’ त्याहून मोठ्या हातासाठी. तुमचा हात १८ सेंमी आणि माउस मोठ्या मापाचा, असं असेल तर अंगठ्याचं कोडं तिथेच सुटलं. आणि कोन पूर्ण उभाच हवा असं नाही. हात मोकळा सोडा, कोपरातून वाकवून टेबलावर अलगद ठेवा. तो ज्या तिरकेपणावर आपसूक थांबेल तो तुमचा कोन. पुष्कळांना २०-३० अंशांचा कल पुरतो, आणि तसा माउस कीबोर्डवरून हात आणताना धक्का लागून आडवाही होत नाही.

अंगठा आधीच दुखत असताना अंगठ्यानेच फिरवायचा ट्रॅकबॉल आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ट्रॅकबॉल ही कल्पना वाईट नाही. माउस जागचा हलत नाही, त्यामुळे खांदा आणि कोपर यांना उत्तम विश्रांती मिळते, आणि कोपराच्या दुखण्यावर मी तो सुचवतोही. पण तुमच्यासाठी मध्ये मोठा चेंडू असलेला, दोन-तीन बोटांनी फिरवायचा, डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने चालणारा. आठवड्यात निकाल देऊ नका, हात जुळायला दोन-तीन आठवडे लागतात. चेंडू अडखळायला लागला तर तो बाहेर काढा. खाली तीन बारीक टेकू असतात, त्यांवर मळाची कडा जमलेली दिसेल, ती कापसाच्या काडीने काढा. ‘ट्रॅकबॉल बिघडला’ म्हणून कपाटात गेलेल्यांपैकी कितीतरी नुसते मळलेले असतात.

मनगटाखालच्या जेलच्या उशीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला जो अरुंद बोगदा आहे त्यातूनच बोटांच्या कंडरा आणि मधली नस जाते. नेमकं तिथेच टेकून, मनगट खुंटीसारखं रोवून माउस फिरवला तर त्या बोगद्यावरचा दाब वाढतो. उशी हवीच असेल तर तळव्याचा मागचा मांसल भाग तिच्यावर यावा, आणि तोही हात थांबलेला असताना. हलवताना हात कोपरातून हलू द्या. त्यासाठी कोपराच्या उंचीला टेबल हवं आणि पुढचा हात निम्म्याहून जास्त टेबलावर टेकलेला हवा. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पाय टेकायला खाली काहीतरी ठेवा. टेबलाची कड धारदार असेल तर तिच्यावर हात टेकवू नका. करंगळीकडच्या मुंग्यांचं ते एक नेहमीचं कारण.

स्क्रोलचं चाक हा आणखी एक चोरटा ताण आहे. विंडोजमध्ये चाकाचा एक टप्पा मुळात तीन ओळी सरकवतो. ते सहा करा, बोटाचं काम निम्मं होतं. लांब दस्तऐवज वाचताना पेज डाउन, किंवा ब्राउझरमध्ये स्पेसबार वापरा. ओढून नेण्याचं काम फार असेल तर ‘क्लिकलॉक’ चालू करा, म्हणजे बटण दाबून धरावं लागत नाही. कॉपी, पेस्ट, खिडकी बदलणं ही कामं अजूनही माउसने करत असाल तर बाकी सगळ्याआधी ते सोडा. कुठल्याही माउसपेक्षा याने जास्त फरक पडतो, आणि हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

एक गोष्ट मात्र टेबलावरून हाताळायची नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना बधिरपणा येऊन रात्री झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, किंवा अंगठ्याच्या बुडाशी मनगटाच्या कडेला सूज आणि पकडताना कळ असेल, तर डॉक्टरांकडे जा. कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटातल्या त्या बोगद्यात नस दाबली जाण्याच्या आजाराचं, सगळं खापर माउसवर फोडता येत नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही तो होतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. तुमच्या अंगठ्याचं दुखणं व्हर्टिकल बाजूला ठेवूनही दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, तरीही दाखवा.

म्हणून तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. व्हर्टिकल आणि ट्रॅकबॉल सध्या बंद. तो मोठा, जड माउस परत काढा, कारण पंजाला तोच बसतो. तुमची बोटं त्याने आखडली नव्हती, हे विसरू नका. डीपीआय वाढवा, कीबोर्ड डावीकडे सरकवून माउस जवळ घ्या, तरंगणारं बोट टेकवा, आणि दोन आठवडे कोपराकडे लक्ष द्या. ठणका कमी झाला तर गुन्हेगार माउस नव्हता. कमी झाला पण गेला नाही, तर त्याच उंचीचा, त्याच लांबीचा, पण १०० ग्रॅमच्या आतला माउस शोधा. तेव्हा पाचवा घ्यायला माझी हरकत नाही, फक्त तो परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या. दुकानात पाच मिनिटं धरून काहीच कळत नाही, निदान तीन पूर्ण दिवस खरं काम करून बघायला हवं.

आणि जो जमेल, त्याचा आणखी एक लगेच घेऊन ठेवा. चांगली मॉडेलं मुकाट्याने बंद होतात, आणि नव्या आवृत्तीत नेमकी पाठीची गोलाई बदललेली असते. शिवाय डाव्या बटणाखालचा छोटा स्विच झिजला की एका क्लिकचे दोन व्हायला लागतात. दुरुस्त करणारा सापडला तर सोल्डरिंग करून स्विच बदलून देतो, पण तेवढे दिवस हात रिकामा राहतो. दुसरा निवडताना रबरी थर नसलेला, साध्या प्लॅस्टिकचा मिळाला तर तोच घ्या. तो मऊ थर दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो, अगदी खोक्यात बंद पडून राहिला तरी. सेल मात्र काढूनच ठेवा.